मदत हवी आहे: दाखला ४५ टक्क्यांचा, मग भरपाई किती?

शुभदा_मिरज:
धाकट्या दिराला डंपरने उडवलं. उजवा गुडघा वाकतच नाही. सरकारी दवाखान्यातून ४५ टक्के अपंगत्वाचा दाखला मिळालाय. विमा कंपनीचा माणूस घरी येऊन म्हणाला, चार लाख घ्या आणि मिटवा, कोर्टात एवढेही निघणार नाहीत. कोर्ट आकडा कसा काढतं? सोमवारी उत्तर द्यायचंय, कृपया लवकर सांगा.

वकीलकाका:
वय? काम काय? कमाई? दाखल्यात ४५ टक्के पायाचे लिहिलेत की पूर्ण शरीराचे?

रानवारा:
ताई, मिटवून टाका. आमच्या मामांची केस सात वर्षं चालली. लोकअदालतीत जा, एका दिवसात सुटाल.

वकीलकाका:
दावा दाखल केल्यावर लोकअदालतीतही जाता येतं. दाव्याच्या तारखेपासून व्याजही मागता येतं. दारात आलेल्या माणसाच्या कागदावर मात्र सही नको.

बुलेटवाला:
गाडीला नुसता थर्ड पार्टी घेऊ नका, फुल इन्शुरन्सच घ्या. माझा मडगार्डचा सगळा खर्च निघाला.

शुभदा_मिरज:
आमची गाडी नव्हतीच, तो पायी चालला होता. वय ३४, गवंडी आहे, रोज ७००. दाखल्यात ‘उजवा पाय’ लिहिलंय. परांचीवर चढता येत नाही, फरशी बसवायला उकिडवं बसता येत नाही. परवा अंगणात थापी हातात घेऊन स्टुलावर बसला होता, पाय समोर काठीसारखा. मला बघवेना.

वकीलकाका:
हे आधी सांगायला हवं होतं. सुप्रीम कोर्टाचा २०१० सालचा राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकाल वाचा. डॉक्टर अवयवाचा टक्का देतो, कोर्ट बघतं कमाई किती बुडाली. कारकुनाचा गुडघा आखडला तर नोकरी टिकते, गवंड्याचं कामच जातं. समजा महिना १५,००० धरले. चाळिशीच्या आतल्या रोजंदारीवाल्याला भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के, म्हणजे २१,०००. वर्षाचे २,५२,०००. वर्षाच्या कमाईला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणतात; ३१ ते ३५ वयाला गुणक १६, झाले ४०,३२,०००. कमाईची हानी ६० टक्के सिद्ध झाली तर २४,१९,२००. औषधोपचार, बुडालेली मजुरी, वेदना हे वेगळं. पण ६० टक्के आपोआप मिळत नाहीत. कंपनी ४५च्याही खाली खेचेल, म्हणून डॉक्टरची साक्ष लागते.

सदाभाऊ:
काका, ४० टक्के वाढ मृत्यूच्या दाव्यातच मिळते. शिवाय स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा होतो.

वकीलकाका:
नाही भाऊ. ती वजावट मृत्यूच्या दाव्यात होते. इथे माणूस जिवंत आहे, त्याला खायला लागतंच. आणि वाढ जखमींनाही मिळते, २०२०चा पप्पू देव यादव निकाल बघा. ताई, अपघाताची तारीख?

शुभदा_मिरज:
२ नोव्हेंबर, कोल्हापूरजवळ. आज १८ एप्रिल. त्याचा काय संबंध?

वकीलकाका:
१ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांत दावा दाखल करावा लागतो. तुमच्याकडे दोन आठवडे आहेत! कोल्हापूरला जायची गरज नाही, राहत्या जिल्ह्यात चालतं. एफआयआर, पंचनामा, बिलं, मजुरीचा पुरावा गोळा करा.

रानवारा:
मग मिटवू नका ताई. मामांना हे कोणी सांगितलंच नव्हतं.

शुभदा_मिरज:
मुकादमाकडे हजेरीची वही आहे, पाच वर्षांची. निघालेच. त्यात दिराचं नाव नुसतं ‘बाळू’ लिहिलंय, ते चालेल का?