घरामागच्या डोंगराला भेग, वर पाणी जिरवायला चर खणावेत का?

पोलादपूर तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला घर आहे. मागे साधारण ६० मीटर वर उताराला आडवी भेग दिसतेय, २० मीटर लांब, दोन बोटं रुंद. वर मुरमाड माती, खाली काळा कातळ. वरच्या अंगाला समतल चर खणून पाणी जिरवलं तर चालेल का?

प्रतिसाद १
नको! इथे पाणी जिरवायचं नाही, बाहेर काढायचं आहे. मुरमातून उतरलेलं पाणी कातळाशी अडतं आणि तिथेच साचतं. साचलेल्या पाण्याचा दाब वाढला की मातीच्या कणांची एकमेकांवरची पकड सुटते, आणि वरचा थर कातळावरून घसरतो. जूनभर माती भिजलेली असते, म्हणून जुलैतली मोठी सर जास्त घातक. गावांवर दरडी कोसळल्याच्या तारखा बघा: माळीण ३० जुलै २०१४, तळीये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३.

उघडीप मिळाली आणि भेग वाढत नसेल तरच वर जा. भेगेत चिकणमाती थोडी थोडी घालून ठोकून बसवा, वर उंचवटा ठेवा. मुरूम किंवा वाळू नको, त्यातून पाणी आत जातं. सिमेंटही नको, जमीन जरा हलली की सुटतं. वर ताडपत्री टाका, तिची वरची कड वीतभर मातीत पुरा. भेगेच्या ४-५ मीटर वर, पक्क्या जमिनीत, फूट-दीड फूट खोल चर काढा, तळाला प्लास्टिक अंथरा, १०० ला १ उतार द्या. चराचं तोंड थेट ओढ्यात सोडा. मध्येच संपवलात तर सगळं पाणी एकाच जागी मुरेल. घरामागचा पायथा मात्र अजिबात खोदू नका.

प्रतिसाद २
भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका आणि अंतर रोज टेपने मोजा. अंतर वाढतंय, झरा गढूळ झालाय किंवा एकदम आटलाय, दारं अडकू लागलीत, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच क्षणी घर सोडा. ओढ्याच्या वाटेने उतरू नका, आडवे बाजूला निघा. तलाठ्यामार्फत तहसीलदारांना आजच लेखी कळवा, भूवैज्ञानिकांकडून पाहणी मागा.

धागाकर्ता
भेगेच्या वर काकांचं भातखाचर आहे, लावणी झालीय. त्याचं काय?

प्रतिसाद १
मग चराच्या आधी तेच! भरलेलं खाचर रात्रंदिवस भेगेला पाणी पुरवतं. ओढ्याकडच्या बाजूने बांध फोडा आणि पाणी पूर्ण काढा. भेगेच्या बाजूचा बांध फोडू नका. यंदाचं पीक हातचं जाईल हे काकांना स्पष्ट सांगा.