‘झीज’ की ‘क्षरण’? वितळलेल्या धातूत घासणाऱ्या भागांविषयी

प्रश्न (फोंडा) : अणुभट्टीत उष्णता वाहून नेणाऱ्या द्रवरूप सोडियममध्ये चालणाऱ्या पोलादी भागांविषयीच्या मराठी मजकुरात ‘झीज’ आणि ‘क्षरण’ हे शब्द एकाच अर्थाने आढळतात. त्यांपैकी कोणता ग्राह्य धरावा?

उत्तर (वास्को) : दोन्ही ठेवावेत, मात्र आपापल्या जागी. घासण्यामुळे धातू जातो ती झीज. भोवतालच्या द्रव्याशी रासायनिक क्रिया होऊन किंवा त्यात विरघळून जातो ते क्षरण. झुआरी नदीतल्या बार्जचे उदाहरण घ्या. गाळमिश्रित पाण्यात पंख्याच्या दांड्याचे बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी) झिजते, तर तळाचा पत्रा खाऱ्या पाण्याने खाल्ला जातो, आणि आपले कारागीर हा भेद बोलण्यात अचूक पाळतात.

वितळलेल्या धातूत मात्र या दोन क्रिया एकमेकींत मिसळतात. पत्र्यावर जस्त चढवताना सुमारे 460 अंश सेल्सिअसच्या जस्तात बुडालेल्या रोलरच्या बुशांना तेल देता येत नाही. लोखंड जस्तात विरघळत असते आणि घासण्याने सतत नवा पृष्ठभाग उघडा पडत असल्यामुळे विरघळणे आणखी वाढते. अशा ठिकाणी ‘क्षरणयुक्त झीज’ म्हणावे.

सोडियममध्ये तिसरीच अडचण उद्भवते. हवेत लोखंडावर ऑक्साइडचे पातळ आवरण असते आणि तेच दोन भागांना एकमेकांपासून दूर ठेवते. तप्त सोडियम ते काढून टाकतो, त्यामुळे उघडे पडलेले धातू दाबाखाली एकमेकांना धरतात. कार्यशाळेत याला ‘जाम धरला’ म्हणतात, आणि लेखातही ‘जाम धरणे’ लिहायला माझी काहीच हरकत नाही. त्याला झीज म्हणणे चूक आहे, कारण जोड सुटेपर्यंत धातू कमी झालेलाच नसतो.

पुरवणी (म्हापसा) : वरील विवेचनाशी मी सहमत आहे. ‘घर्षण’ हा शब्दही झिजेसाठी वापरू नये. घर्षण हा विरोध आहे, झीज हा त्याचा एक संभाव्य परिणाम, आणि घर्षण जास्त असले की झीजही जास्त असेलच असे नाही. सोडियमला ‘वंगण’ म्हणतानाही जपावे, कारण तप्त सोडियम पाण्याहूनही पातळ असतो आणि भार पेलणारा थर सहज धरत नाही. त्यात थोडा ऑक्सिजन असल्यास स्टेनलेस स्टीलवर सोडियम क्रोमाइटचा थर तयार होतो. घर्षण कमी करण्याचे श्रेय त्या थराला द्यायला हवे.

शेवटचा मुद्दा ‘लेप’ या शब्दाचा. कल्पाक्कम येथील 500 मेगावॅटच्या सोडियम वापरणाऱ्या द्रुत प्रजनक (जळते त्याहून अधिक इंधन तयार करणाऱ्या) अणुभट्टीत काही भागांवर निकेलप्रधान कठीण मिश्रधातू वेल्डिंगने बसवला आहे. त्यासाठी कोबाल्टप्रधान मिश्रधातू टाळला गेला, कारण न्यूट्रॉनांच्या माऱ्यात कोबाल्टपासून किरणोत्सारी कोबाल्ट-60 तयार होतो. असा थर मूळ धातूशी वितळून एकजीव झालेला असल्यामुळे त्याला लेप न म्हणता ‘कठीण वेल्डथर’ म्हणावे.