ड्वार्फांचे गाणे आणि बास गायकाचा खर्ज : कव्हर श्रेष्ठ की चित्रपट? (टोपणनावाने लिहिणाऱ्या वाचकांची चर्चा)

सातारकर

जेफ कॅस्टेलुची हे नाव ‘व्हॉइसप्ले’ या ऑरलँडोच्या वाद्यविरहित गायनचमूमुळे अनेकांना परिचित असेल. २०१३ साली हा चमू ‘द सिंग-ऑफ’ या अमेरिकी दूरचित्रवाणी स्पर्धेत उतरला होता आणि त्यातील तळाचा, म्हणजे बासचा, आवाज कॅस्टेलुची यांचा होता. पुढे त्यांनी सगळे आवाज स्वतःच गाऊन, ते एकावर एक रचून, कव्हर गाणी, म्हणजे दुसऱ्यांच्या गाण्यांच्या स्वतः गायलेल्या आवृत्त्या, काढायला सुरुवात केली. त्यांपैकी ‘मिस्टी माउंटन्स’विषयी माझे ठाम मत आहे की, ‘द हॉबिट’मधील ड्वार्फांच्या, म्हणजे डोंगराच्या पोटात राहणाऱ्या बुटक्या लोकांच्या, या गाण्याला चित्रपटापेक्षा या कव्हरने अधिक न्याय दिला आहे.

याचे कारण मूळ पुस्तकातच सापडते. इंग्रज लेखक टॉल्किन यांच्या १९३७ सालच्या या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात तेरा ड्वार्फ कथानायक बिल्बो बॅगिन्सच्या घरी येऊन थडकतात, त्याचा फराळ फस्त करतात, आणि मग खोलीत अंधार दाटत असताना त्यांचा म्होरक्या थोरिन हार्प छेडू लागतो व एकामागून एक सगळे गाऊ लागतात. हे गाणे गळ्याच्या खोल तळातून येणारे, ड्वार्फांच्या पुरातन भूमिगत घरांतले आहे, असे लेखकाने स्पष्ट सांगितले आहे. गाणे संपल्यावर बिल्बो भीत भीत दिव्याचे विचारतो, तर आम्हाला अंधारच आवडतो असे उत्तर त्याला मिळते. पीटर जॅक्सन यांच्या २०१२ सालच्या चित्रपटात थोरिन झालेल्या रिचर्ड आर्मिटेज यांनी हे गाणे शेकोटीपाशी उभे राहून सुरू केले. त्यांचा अभिनय वादातीत आहे, परंतु आवाज बॅरिटोनचा, म्हणजे बासपेक्षा वरच्या पट्टीचा, आहे. त्यात दरबारी रुबाब आहे, खाणीचा तळ नाही. कॅस्टेलुची यांच्या गाण्यात कडवे संपून आवाज तळाशी स्थिरावतो, तेव्हा हे लोक डोंगराच्या पोटात राहणारे आहेत हे कोणी सांगावे लागत नाही.

काल्पनिक विश्वातील गाण्यांची कव्हरे ही निव्वळ चाहत्यांची हौस आहे, असे म्हणून आपल्याकडे ती झटकून टाकली जातात. निदान या एका गाण्यापुरते तसे करणे अन्यायाचे आहे.

कागदी होडी

आपण पुस्तकाचा दाखला दिलात हे बरे झाले, कारण तोच दाखला आपल्या विरोधात जातो. त्या प्रसंगात गाण्याला साथ कशाची आहे ते पाहावे. कीली आणि फीली छोटी फिडल काढतात, डोरी, नोरी आणि ओरी बासऱ्या काढतात, बॉम्बुर ढोल आणतो, बिफुर आणि बोफुर क्लॅरिनेट घेऊन येतात, आणि ड्वालिन व बालिन यांची व्हायोल तर त्यांच्याएवढीच मोठी आहेत. म्हणजे ही एक भरगच्च मैफल आहे आणि तीत बासऱ्या-फिडलींचा उंच, हलका नादही आहे. नुसता खर्ज म्हणजे ड्वार्फ हे समीकरण पुस्तकाने दिलेले नाही. ते चित्रपटाने आणि त्यानंतरच्या कव्हरांनी रूढ केले.

दुसरे असे की, पुस्तकात या गाण्याची कडवी दहा आहेत आणि चित्रपटाने त्यांतली दोनच घेतली. टॉल्किन यांनी चाल दिलेली नाही. आज सगळे गातात ती चाल चित्रपटासाठी बांधली गेली आणि कॅस्टेलुची यांनीही तीच उचलली आहे. चाल चित्रपटाची आणि न्याय मात्र पुस्तकाला, हा युक्तिवाद मला पटत नाही.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. तेरा जण गातात तेव्हा तेरा गळे असतात. त्यांत कोणी म्हातारा असतो, कोणी कोवळा, कोणाचा स्वर किंचित मागे रेंगाळतो, कोणी श्वास वेगळ्या जागी घेतो. एकाच माणसाचा आवाज कितीही वेळा रचला तरी त्यात एकच उच्चार, एकच श्वास आणि एकच लकब राहते. ज्यांचे घरदार ड्रॅगनने हिरावून घेतले त्या समुदायाचे हे गाणे आहे, आणि या कव्हरमध्ये नेमका समुदायच हरवला आहे.

ध्वनितंत्र

मी ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे, म्हणून थोडी तांत्रिक भर घालतो. बास गायकाची नेहमीची खालची मर्यादा सुमारे ८२ हर्ट्झ मानली जाते आणि या कव्हरांतले गाजलेले स्वर त्याच्याही खाली जातात. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून २०० हर्ट्झच्या खालचे फारसे काही बाहेरच पडत नाही. तरीही आपल्याला खोल आवाज ऐकू आल्यासारखे वाटते, कारण वरच्या उपस्वरांवरून मेंदू न ऐकलेला मूळ स्वर भरून काढतो. त्यामुळे मोबाइलवर ऐकून या खर्जाची वाखाणणी करणारे पुष्कळ लोक प्रत्यक्षात तो स्वर ऐकतच नाहीत.

शिवाय एका बाजूने आवाज टिपणाऱ्या मायक्रोफोनच्या अगदी जवळ तोंड नेले की खालच्या कंप्रता आपोआप फुगतात. आकाशवाणीचे निवेदक हे पूर्वीपासून जाणतात. मिक्सिंग करताना तो फुगवटा आणखी वाढवता येतो. कॅस्टेलुची यांचा मूळ आवाज खोल आहे याबद्दल शंका नाही, परंतु स्टुडिओतला हा खर्ज आणि बंद खोलीत समोर बसून ऐकलेला खर्ज या दोन भिन्न गोष्टी आहेत. सर्वांत खालच्या स्वराची चढाओढ तर हास्यास्पद टोकाला गेली आहे. टिम स्टॉर्म्स यांच्या नावावर २०१२ साली नोंदलेला विक्रमी स्वर ०.१८९ हर्ट्झचा आहे आणि माणसाला साधारण २० हर्ट्झच्या खालचे स्वर म्हणून ऐकूच येत नाही. न ऐकू येणाऱ्या स्वराला गाणे म्हणावे का, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

मध्यलय

ध्वनितंत्र यांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. मायक्रोफोन जवळ घेऊन गाणे ही लबाडी ठरवली, तर गेल्या शतकातले निम्मे भावगीतगायन बाद करावे लागेल.

आपल्या संगीतात पहाटेची खर्जसाधना असते, ती काही विक्रमासाठी नसते. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो, म्हणजे त्याचा मंद्र षड्ज सुमारे ६९ हर्ट्झवर येतो. तानपुऱ्याची खर्जाची तार तिथेच लावलेली असते आणि विद्यार्थी तिच्यात आवाज मिसळण्याचा प्रयत्न करत बसतो. तो स्वर मैफलीत क्वचितच लागतो, पण त्याच्या सरावाने वरचा सगळा आवाज भरीव होतो. मी कॅस्टेलुची यांना या कानाने ऐकतो, आणि त्यांचा सर्वांत खालचा स्वर कोणता यापेक्षा त्या स्वरावर ते किती निश्चिंतपणे थांबतात, हे मला महत्त्वाचे वाटते. स्वर गाठताना ओढाताण जाणवत नाही, शब्दही स्पष्ट राहतात.

त्यांच्या काही गाण्यांतले अतिखालचे स्वर सबहार्मोनिक पद्धतीने काढलेले असतात. त्यात स्वरतंत्रींचा कंप अशा रीतीने बसवला जातो की कानाला मूळ स्वराच्या एक सप्तक खालचा स्वर ऐकू येतो. हे मिक्सिंगचे काम नव्हे. ते गळ्यातच घडते आणि त्यासाठी रियाज लागतो. मात्र कागदी होडी यांचा समुदायाचा मुद्दा मला खोडता येत नाही.

एडिसनकर

मी इथे न्यू जर्सीत एका हौशी वृंदात बास गातो. रखमानिनॉव्ह यांच्या १९१५ सालच्या ‘ऑल-नाइट व्हिजिल’मधील पाचव्या भागाच्या शेवटी बास गायकांना पायरीपायरीने सुमारे ५८ हर्ट्झपर्यंत उतरावे लागते. हा भाग वाजवून दाखवल्यावर असे बास आणायचे कुठून, नाताळात शतावरीची (अ‍ॅस्परॅगसची) भाजी मिळावी इतके ते दुर्मीळ आहेत, असे संगीतसंचालक म्हणाल्याची आठवण रखमानिनॉव्ह यांनीच सांगितली आहे. रशियासारख्या देशात ही स्थिती होती! आमच्याकडे तो स्वर दोघांनाच लागतो. एकाचा जाड, घोगरा आहे, तर दुसऱ्याचा बारीक पण स्थिर. ते दोघे एकत्र आले की जो नाद तयार होतो तो त्यांच्यापैकी कोणाही एकाच्या आवाजाची दुप्पट केल्याने मिळणार नाही, हे मी शेजारी उभा राहून ऐकले आहे. म्हणून माझे मत कागदी होडी यांच्या बाजूने.

आणखी एक. ड्वार्फांचेच काही ऐकायचे असेल तर ‘क्लामावी दे प्रोफुंदिस’ या गायक कुटुंबाने टॉल्किन यांच्याच ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये मोरिया या ओसाड भूमिगत नगरीच्या अंधारात गिम्ली हा ड्वार्फ म्हणतो त्या ड्युरिन या पूर्वजाच्या कवितेला दिलेली चाल ऐकावी. तिथे खर्ज आहे आणि वेगवेगळे गळेही आहेत.

सातारकर

सर्वांचे प्रतिसाद वाचले. साथीच्या वाद्यांबद्दल कागदी होडी यांनी दिलेला तपशील बिनचूक आहे, परंतु त्याच प्रकरणाच्या शेवटाकडे त्यांनी काणाडोळा केला आहे. रात्री बिल्बो अंथरुणावर पडलेला असताना शेजारच्या, घरातल्या सर्वांत चांगल्या खोलीतून थोरिन हेच गाणे एकटाच गुणगुणत असल्याचे त्याला ऐकू येते. तेव्हा तिथे ना वाद्ये असतात, ना बाकीचे बारा जण. म्हणजे या गाण्याचे एकट्या गळ्यातले रूपही पुस्तकाला मान्य आहे. कॅस्टेलुची यांचे कव्हर मी त्या परंपरेत धरतो. त्यात रचलेले आवाज म्हणजे एकाच माणसाच्या मनात घुमणारे बाकीच्यांचे आवाज आहेत, असे मानायला काय हरकत आहे?

एडिसनकरांनी सुचवलेले गाणे मी ऐकलेले आहे आणि ते सुंदरच आहे. पण त्याची प्रकृती भजनी आहे. सूड उगवायला निघालेल्या माणसांची धग मला त्यात जाणवत नाही.

कागदी होडी

थोरिनच्या गुणगुणण्याची आठवण आपण योग्य वेळी काढलीत, आणि तिचा शेवटही सांगायला हवा होता : ती ऐकत झोपलेल्या बिल्बोला फार अस्वस्थ करणारी स्वप्ने पडतात. भिंतीपलीकडून येणारा एकच दबका आवाज ती करामत करतो. मनात घुमणारे आवाज वगैरे कल्पना आपण कव्हरला बहाल करत आहात. मला ऐकू येते ती तंत्राची सफाई. कॅस्टेलुची यांनी हेच गाणे साथीशिवाय, आवाजावर आवाज न रचता, मायक्रोफोनपासून चार हात दूर राहून गायले, तर चित्रपटापेक्षा ते सरस आहे हे मान्य करायला मी तयार आहे.

सातारकर

तशी आवृत्ती निघाली तर मीही पहिल्या रांगेत असेन. मात्र चार हातांवरून तो तळाचा स्वर टिपायचा कसा, हे ध्वनितंत्र यांनी आधी सांगावे.

ध्वनितंत्र

खोली शांत हवी, भिंती दगडी हव्यात आणि मोबाइलवर ऐकणाऱ्यांचा नाद सोडावा लागेल.