प्रति: नावात आकडे घालून टेस्टचा क्रम

जावाच्या प्रोग्रॅममधला कोड तपासणाऱ्या छोट्या टेस्ट जेयुनिट हे साधन चालवतं; त्या ठरावीक क्रमाने धावाव्यात म्हणून टेस्टच्या नावात आकडे घातले की काम भागतं, असं वर म्हटलंय. भागतं, पण नावाप्रमाणे क्रम लावायला जेयुनिटला सांगितलं असेल तरच, आणि तेही नऊपर्यंतच. 'टेस्ट१०' ही 'टेस्ट२'च्या आधी धावते, कारण तुलना अक्षरांची होते. निदान ०१, ०२ असं तरी लिहा.

फाइलमध्ये वरून खाली लिहिलं म्हणजे तसंच धावणार, ही समजूत मात्र आम्हाला महागात पडली. अंधेरीच्या ऑफिसात जावा ६ वरून ७ वर गेलो आणि दुसऱ्या दिवशी निम्मा बिल्ड लाल, म्हणजे टेस्ट नापास. कोडला कुणी हातही लावला नव्हता! रिफ्लेक्शनमधून (प्रोग्रॅम चालू असताना क्लासमध्ये काय काय आहे ते विचारून) मेथड, म्हणजे इथे एकेक टेस्ट, लिहिलेल्या क्रमाने मिळतील याची हमी जावाने कधी दिलीच नव्हती. ६ मध्ये बहुतेकदा तसं व्हायचं, एवढंच. जेयुनिट ४.११ पासून, वेगळं काही सांगितलं नाही तर, हा क्रम मेथडच्या नावाच्या हॅशवरून (नावापासून काढलेल्या एका आकड्यावरून) लागतो. दरवेळी तोच, पण आपण लिहिलेला नव्हे. आमची 'ग्राहक डिलीट करा' ही टेस्ट 'ग्राहक शोधा'च्या आधी जाऊन बसली होती. शेवटी क्रम लावायच्या भानगडीत पडलो नाही, प्रत्येक टेस्टला स्वतःचा ग्राहक बनवायला लावला. आठवडा गेला, दोन शनिवारही. ज्यांना जेयुनिट ५ मध्ये टेस्टला क्रमांक देणारी 'ऑर्डर' ही खूण वापरायचीय त्यांनी टेस्टच्या क्लासवर 'टेस्टमेथडऑर्डर' ही खूणही लावायला विसरू नये, नाहीतर ते आकडे नुसते शोभेला राहतात.