विषय: तास आणि पगार दोन्ही कापले. राजीनामा दिला तर अनएम्प्लॉयमेंट (बेकारीचे पैसे) मिळतं का?

वैशाली, गुरुवार रात्री 10:42

मंडळी, उद्या सकाळी ऑफिसात उत्तर द्यायचंय, म्हणून घाईत लिहितेय. सोमवारी ब्रेकरूममधल्या फ्रिजवर नवं वेळापत्रक लागलं. माझ्या बुधवार-गुरुवारवर व्हाइटनर फासलेलं आणि त्यावर पेनाने दुसऱ्या मुलीचं नाव. 40 तासांचे 22 झाले. आज वरून सांगितलं की 1 तारखेपासून ताशी 25 ऐवजी 20 डॉलर. "पटत नसेल तर राजीनाम्याची ईमेल टाक, लगेच मंजूर करू." मला पटत नाहीच आहे. शेजारीण म्हणते, सोड आणि ईडीडीकडे, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या रोजगार खात्याकडे, अर्ज कर. स्वतःहून सोडलं तर मिळतं का? माझं एच-फोर ईएडी आहे, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर मिळालेला कामाचा परवाना. कुणाला माहीत असेल तर कृपया आज रात्रीच सांगा.

सुहास, गुरुवार रात्री 11:05

वैशाली, आपण होऊन नोकरी सोडली तर एक सेंट मिळत नाही. कामावरून काढलं तरच मिळतं. 2001 साली आमच्या इमारतीतली अर्धी मंडळी घरी बसली होती, तेव्हाही हाच नियम होता. आणि खरं सांगू, हातपाय धड असताना सरकारी भत्ता घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. दुसरी नोकरी शोध, मी दोन ठिकाणी शब्द टाकतो.

अनघा, गुरुवार रात्री 11:31

सुहासकाका, हा भत्ता नाही, विमा आहे. कॅलिफोर्नियात त्याचा हप्ता मालक भरतो, दर माणशी वर्षाच्या पहिल्या 7,000 डॉलर पगारावर. आपल्या पे-स्टबवर कापलेला दिसतो तो एसडीआय, म्हणजे आजारपण-अपंगत्वाचा विमा, तो वेगळा. वैशालीने चार वर्षं राबून कमावलेला हक्क आहे. तो मागण्यात लाज कसली?

"सोडलं तर मिळत नाही" हेही अर्धंच खरं. सबळ कारण असेल तर मिळतं. पण कारण सबळ आहे की नाही ते ईडीडी ठरवतं, तुला आणि मालकाला दोघांनाही विचारून. आणि वैशाली, तुझ्याकडे दोन वेगळी कारणं आहेत, ती एकात मिसळू नकोस. ताशी दर मोठ्या प्रमाणात कापला तर नोकरी सोडायला ते सबळ कारण ठरू शकतं. नुसते तास कमी झाले तर सहसा ठरत नाही, कारण कमी तासांसाठी नोकरी न सोडताच अर्धवट अनएम्प्लॉयमेंट मिळतं. म्हणून उद्या राजीनामा देऊ नकोस. नोकरीत राहून अर्ज कर.

नितीन, शुक्रवार सकाळी 6:50

असे प्रश्न आधी करिअर समितीकडे यावेत असं संक्रांतीच्या बैठकीत ठरलं होतं. समितीत आम्ही तिघे याच कामासाठी आहोत. असो. हिशोब सांगतो. कॅलिफोर्नियात आठवड्याला जास्तीत जास्त 450 मिळतात. वैशालीची नवी कमाई 22 गुणिले 20, म्हणजे 440. 450 मधून 440 वजा, उरले 10. दहा डॉलरसाठी दर दोन आठवड्यांनी फॉर्म भरत बसायचं? त्यापेक्षा सोडून पूर्ण 450 घ्यावेत.

अनघा, शुक्रवार सकाळी 7:15

नितीन, सगळी कमाई वजा होत नाही. 25 डॉलर किंवा कमाईचा चौथा हिस्सा, यातली मोठी रक्कम सोडून देतात. 440 चा चौथा हिस्सा 110. वजा होतात 330. म्हणजे 450 मधले 120 मिळतील. पगार 440 आणि वर 120, एकूण 560. सोडून 450 मिळाले, तेही कारण मान्य झालं तर, आणि राहून 560. नाही मान्य झालं तर शून्य! आणि मग दुसरीकडे साप्ताहिक रकमेच्या पाचपट, म्हणजे 2,250 डॉलर कमावेपर्यंत दार बंद. समितीबद्दल काही म्हणायचं नाही, पण मुलीला आज सकाळी उत्तर हवं होतं.

मंजिरी, शुक्रवार सकाळी 8:02

अनघाचं शब्दन् शब्द खरं आहे. 2009 मध्ये मी एका पाळणाघरात होते. पगार कापल्यावर तिरीमिरीत चावी टेबलावर ठेवली आणि निघून आले. कुणाशी बोलले नाही, काही लिहून दिलं नाही. अर्ज नामंजूर झाला. अपील केलं, फोनवर सुनावणी झाली. न्यायाधीशबाई अतिशय सौम्य होत्या. त्यांनी एकच प्रश्न तीनदा विचारला, "सोडण्याआधी तुम्ही मालकाला काय सांगितलंत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. चूक माझीच होती, ती अजून टोचते.

वैशाली, आज तोंडी वाद घालू नकोस. घरी येऊन ईमेल लिही: दर कापणं मला मान्य नाही, जुना दर ठेवा, तास परत द्या, निदान थोडे तरी. उद्या सोडायची वेळ आलीच तर नोकरी टिकवायचा प्रयत्न केल्याचा तोच पुरावा. फ्रिजवरच्या वेळापत्रकाचा फोटो काढ. नकार आलाच तर अपिलाला पत्रावरच्या तारखेपासून 30 दिवस असतात, माझ्या वेळी 20 होते. आणि अपील चालू असतानाही दर दोन आठवड्यांचं सर्टिफाय करणं, म्हणजे तो फॉर्म भरणं, थांबवायचं नाही.

सुहास, शुक्रवार सकाळी 8:40

अनघा, विमा म्हणतेस तर मी शब्द मागे घेतो. पण ग्रीन कार्डाचं काय? वैशालीच्या घरची फाइल आत आहे. असं काही घेतलं तर पुढे अडत नाही ना? आमच्या भाच्याला वकिलाने कशालाही हात लावू दिला नव्हता.

अनघा, शुक्रवार सकाळी 8:58

काका, हा कमावलेला विमा असल्यामुळे 2022 च्या पब्लिक चार्जच्या नियमात (सरकारवर भार होईल अशा माणसाला ग्रीन कार्ड नाकारायचा नियम) तो धरलेला नाही. ईएडी चालू असेल तर ती काम करायला मोकळी आहे, तेच महत्त्वाचं. फाइल आत आहे म्हणून स्वतःच्या वकिलाला एक फोन जरूर करावा. कराचंही लक्षात ठेव, वैशाली: फेडरल कर लागतो, राज्याचा नाही. हवं तर 10 टक्के आधीच कापून घेता येतात.

सचिव, शुक्रवार सकाळी 9:20

सर्वांना विनंती, ही मंडळाची ईमेल-यादी कार्यक्रमांच्या सूचनांसाठी आहे. वैशालीची अडचण खरी आहे म्हणून धागा बंद करत नाही, पण यापुढे विषयात "मदत" असं लिहावं, म्हणजे ज्यांना नको त्यांना गाळता येईल. आणि पाडव्याच्या जेवणाचं 20 लिटरचं पातेलं अजून परत आलेलं नाही. हॉलवाले विचारताहेत.

नितीन, शुक्रवार सकाळी 9:33

25 टक्क्यांचं माझं चुकलं. समितीच्या पानावर दुरुस्त करतो. अनघा, तो हिशोब तसाच टाकला तर चालेल का?

वैशाली, शनिवार दुपारी 3:10

सगळ्यांचे मनापासून आभार. राजीनामा दिला नाही. सकाळी फक्त "विचार करून लिहून कळवते" एवढंच म्हणाले, आवाज थरथरत होता. रात्री ईमेल पाठवली, मंजिरीताईंनी सांगितल्याप्रमाणे. अजून उत्तर नाही.

अर्ज आत्ताच भरला. हिशोबाचा आठवडा रविवार ते शनिवार असतो आणि अर्ज ज्या आठवड्यात कराल त्या रविवारपासून धरतात, म्हणून आज संपवला. पहिला पात्र आठवडा बिनपैशाचा जातो, तो तरी लवकर सुरू होईल. कमाई लिहिताना हातात कधी आली ते न बघता काम कधी केलं ते बघायचं, आणि कर कापण्याआधीची लिहायची. हे मला माहीत नव्हतं, कुणाला उपयोगी पडेल.

वकिलांना सोमवारी फोन करते. सुहासकाका, त्या दोन ठिकाणी शब्द जरूर टाका, मला पूर्ण वेळ हवाच आहे.

पातेलं माझ्या गॅरेजमध्ये आहे. उद्या हॉलवर आणून देते.