'राखीव जागांच्या कृपेने आलेले १४' : १९३७ च्या मुंबई असेंब्लीबद्दल थोडं खडसावून

आकडेमोड :
परवा इथे 'जुनी_पानं' यांनी १९३७ च्या मुंबई असेंब्लीच्या, म्हणजे मुंबई इलाख्याच्या विधानसभेच्या, सदस्यांची यादी टाकली. मेहनत आहे, नाही म्हणत नाही. पण खालचा शेरा वाचून डोकं उठलं : 'महाराष्ट्राची पहिली विधानसभा. काँग्रेसला स्पष्ट बहुमत. विरोधक नावालाच. आंबेडकरांचे १४ तर राखीव जागांच्या कृपेने आलेले.' चार वाक्यं, चारही गचाळ.

सभागृह १७५ चं. बहुमताला ८८ लागतात, काँग्रेस आली ८६ वर. म्हणजे सर्वांत मोठा पक्ष, स्पष्ट बहुमत नव्हे. निवडणूक फेब्रुवारीत झाली, पण गव्हर्नरच्या विशेष अधिकारांवरून काँग्रेस अडून बसली, म्हणून १ एप्रिलला धनजीशा कूपर यांचं हंगामी मंत्रिमंडळ बसलं आणि काँग्रेसचे बाळ गंगाधर खेर सत्तेवर आले थेट १९ जुलैला. कूपर, जमनादास मेहता, सिद्दप्पा कांबळी, हुसेनअली रहिमतुला हे साडेतीन महिने तुमच्या यादीतून गायबच आहेत.

आता ते १४. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने १७ जागा लढवल्या, १४ जिंकल्या. त्यांतल्या ११ राखीव, ३ सर्वसाधारण. त्या तीन जागांवर परुळेकर, चित्रे आणि टिपणीस, तिघेही सवर्ण, तिघेही कोकणातले. ही कुणाची कृपा?

जुनी_पानं :
यादी करायला तीन आठवडे गेले. खडसावायला तीन मिनिटं. असो. ८६ चं मान्य, काही अपक्ष मिळून सरकार चाललं. पण १४ पैकी ११ राखीव हे तुम्हीच लिहिलंत, मग माझं चुकलं काय? राखीव जागा नसत्या तर तीनच आले असते.

वऱ्हाडी_ठेचा :
'महाराष्ट्राची पहिली विधानसभा' हे आधी खोडा. आमचा वऱ्हाड-नागपूर मध्यप्रांतात होता, ११२ जागांची असेंब्ली नागपुरात, पंतप्रधान (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला हेच म्हणत) डॉ. ना. भा. खरे, १९३८ च्या जुलैपासून रविशंकर शुक्ल. मराठवाडा निजामाकडे. उलट तुमच्या मुंबई असेंब्लीत अहमदाबाद, सुरत, धारवाड, बेळगाव बसलेले. स्वतंत्र मजूर पक्षाचे वराळे बेळगावचे होते हो! दरवेळी मुंबई-पुण्याचं ते महाराष्ट्राचं.

आकडेमोड :
वऱ्हाडी, शंभर टक्के मान्य.
जुनी_पानं, चुकलं ते इथे. 'राखीव' हा शब्द तुम्ही आजच्या अर्थाने वाचताय. आज राखीव मतदारसंघात एकच जागा, मतदाराला एकच मत. तेव्हा राखीव जागा बहुसदस्यीय सर्वसाधारण मतदारसंघाच्या पोटात असायची. ११४ सर्वसाधारण जागा, त्यांतच १५ अस्पृश्यांसाठी आणि ७ मराठ्यांसाठी. मतदान एकत्र. मोजताना आधी अस्पृश्य उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मतं त्याला राखीव जागा, मग उरलेल्या जागा मतांच्या उतरत्या क्रमाने. आणि मुंबई इलाख्यात मतं एकवटता यायची : तीन जागा असतील तर मतदाराला तीन मतं, तिन्ही एकालाच टाकली तरी चालत.

शंकासुर :
म्हणजे एका माणसाची तीन मतं? मग आंबेडकर भायखळा-परळमधून १३,२४५ मतांनी आले ते किती माणसांची?

आकडेमोड :
१३,२४५ ही त्यांना पडलेली मतं, मताधिक्य नव्हे. समोर काँग्रेसकडून पळवणकर बाळू, क्रिकेटवाले, त्यांना ११,२२५. फरक २,०२० मतांचा. आणि हो, ही मतं आहेत, डोकी नव्हेत. '१३ हजार लोकांनी बाबासाहेबांना निवडून दिलं' असं लिहिणारे आणि 'काँग्रेसच्या ११ हजार लोकांनी बाळूंना दिलं' असं लिहिणारे, दोघंही एकच चूक करतात.

घाटावरचा :
हे तर अजूनच वाईट. थोडक्या लोकांनी मतं कोंबून जागा मारायची, ही कसली लोकशाही?

आकडेमोड :
कागद घ्या. तीन जागा, ३०,००० मतदार, म्हणजे ९०,००० मतं. एका गटाचे ७,६०० मतदार तिन्ही मतं आपल्या एकाच उमेदवाराला देतात : २२,८००. बाकीचे २२,४०० लोक आपली ६७,२०० मतं तीन उमेदवारांत अगदी तंतोतंत वाटतात : प्रत्येकी २२,४००. छोट्या गटाची जागा पक्की. पाव हिश्श्यापेक्षा किंचित जास्त माणसं, तीनपैकी एक जागा. यात कोंबाकोंबी कुठे? प्रमाणच आहे.

बोंब होते ती मोठ्या पक्षाची. लोक आवडत्या पुढाऱ्यावर तुटून पडतात, त्याची पेटी ४० हजारांनी फुगते आणि त्याच पक्षाचे बाकीचे दोघे १३-१३ हजारांत गार. म्हणून आधीच बजावून ठेवावं लागतं : या गावाची सगळी मतं अमक्याला, त्या पेठेची तमक्याला. शिस्त मोडली की जागा गेली. उलट छोट्या पक्षाने हावरेपणाने दोन उमेदवार उभे केले तर ७,६०० मतदारांची मतं दुभंगून दोघेही घरी. १७ च जागा लढवल्या त्यामागे हा हिशेब दिसतो.

जुनी_पानं :
ठीक. पण पुणे कराराची प्राथमिक फेरी? ती तर फक्त अस्पृश्य मतदारांची. ती कृपा नाही तर काय?

आकडेमोड :
त्या फेरीतून चार जणांचं पॅनेल निघायचं, आमदार नव्हे. उमेदवार चार किंवा कमी असले तर फेरीच होत नसे. अंतिम निवड संयुक्त मतदारसंघातच. बाळूंना ११ हजार मतं पडली ती काय फक्त अस्पृश्यांची? काँग्रेसची सवर्ण मतं तिकडे वळली होती. कृपा म्हणायचीच तर दोन्ही बाजूंची मोजा.

मलबारहिल :
सगळे नरिमनना विसरलात. मुंबई प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष, नेतेपद त्यांचंच होतं, वल्लभभाईंनी खेरांना बसवलं. गांधी आणि बहादूरजींच्या चौकशीत बळी कुणाचा? या असेंब्लीवर बोलायचं तर इथून सुरुवात करा.

घाटावरचा :
आला पारशी-गुजराती वाद. खेर मराठी होते म्हणून पोटात दुखतंय का?

मलबारहिल :
तोंड सांभाळा. चौकशीत वल्लभभाई निर्दोष ठरले हे मलाही ठाऊक आहे. नरिमनचा धागा वेगळा काढतो, तिथे या.

खोतीबंद :
काढाच. इथे मुद्द्यावर या. 'विरोधक नावालाच'? १७ सप्टेंबर १९३७ ला खोती रद्द करण्याचं विधेयक कुणी मांडलं? मधला खोत, म्हणजे सारा वसूल करणारा मध्यस्थ, काढून कुळाचा संबंध थेट सरकारशी, रयतवारीप्रमाणे. १० जानेवारी १९३८ ला शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलकडे निघाला, तो याच १४ जणांच्या जोरावर. औद्योगिक कलह विधेयकावर, समेटाची पायरी पुरी होण्याआधीचा संप बेकायदा ठरतो म्हणून, हेच भांडले, आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला संप झाला.

घाटावरचा :
आणि खोतीचं विधेयक मंजूर झालं का? नाही. संप होऊनही कायदा झालाच ना? खासगी विधेयकाला मिळतात मोजके दिवस, पुढे ढकललं की संपलं. हेच 'नावालाच'. कुळांचं भलं केलं ते १९३९ च्या काँग्रेसच्या कुळकायद्याने, १ जानेवारी १९३८ पूर्वी सलग सहा वर्षं कसणाऱ्याला संरक्षण.

खोतीबंद :
तो लागू कधी झाला तेही लिहा. मंत्रिमंडळ नोव्हेंबर १९३९ मध्ये गेलं, कायदा १९४१ मध्ये मोजक्या जिल्ह्यांत आला, तोही गव्हर्नरच्या राजवटीत. संख्येने हरणं आणि नसणं यात फरक असतो, साहेब. आणि विरोधात सर्वांत मोठा गट मुस्लिम लीगचा होता, तो यादीत कोपऱ्यात टाकलाय.

शंकासुर :
अवांतर : यादीत हंसाबाई मेहता असेंब्लीत दाखवल्यात. त्या वरच्या सभागृहात, कौन्सिलमध्ये होत्या ना?

आकडेमोड :
बरोबर, कौन्सिलमध्ये, आणि संसदीय सचिव. असेंब्लीत लीलावती मुन्शी. स्त्रियांच्या जागा सहा : पाच सर्वसाधारण, एक मुस्लिम. १९३७ पूर्वी एकच सभागृह आणि त्याला कौन्सिलच म्हणत, त्यामुळे जुने कागद वाचताना हा गोंधळ हमखास होतो. आंबेडकरही आधी तिथेच नामनियुक्त. शिवाय असेंब्ली १९३९ ला बरखास्त झाली नव्हती, १९३५ च्या कायद्याच्या कलम ९३ खाली (गव्हर्नरची राजवट) नुसती थंड पडली. नवी निवडणूक १९४६ ला. तेव्हा तुमच्या यादीच्या शीर्षकातलं '१९३७-३९' सुद्धा बघा.

जुनी_पानं :
बघितलं, महाराज. हंसाबाई कौन्सिलमध्ये हलवल्या. 'पहिली विधानसभा' खोडलं, वऱ्हाडीबुवा शांत होतील. 'स्पष्ट बहुमत' गेलं. कूपर आणि मंडळी घातली. 'कृपेने' हा शब्दही काढतो, पाटीवर ७,६०० चा हिशेब दोनदा मांडून पाहिला, येतो बरोबर. 'विरोधक नावालाच' मात्र राहणार. एकही विधेयक पास नाही.

खोतीबंद :
ठेवा की. फक्त शेजारी कंसात एवढं टाका : खोती रद्द, १९४९. सरकार खेरांचंच.

जुनी_पानं :
...टाकतो. कंस लहान टाकतो.