मुंबईपासून घारापुरी किती लांब?

बी-204: सगळ्यांना नमस्कार. रविवारी दादरला भाचीचं लग्न आहे, शनिवारी रात्री देवगिरी एक्सप्रेसनं संभाजीनगरहून निघायलोत, परतीचं सोमवारी रात्रीचं आहे. सोमवार मोकळा म्हणून आईला घारापुरीची (एलिफंटा) लेणी दाखवावी म्हणतोय. मोबाईलवर बघितलं तर रस्त्यानं वाटच दाखवत नाही, किती लांब आहे नेमकं?

ए-302: बेट आहे ते, गेटवे ऑफ इंडियापासून लाँचनं 11 किमी. अर्धा तास धरा

सी-101: अर्ध्या तासात नाही होत ओ. आणि भाऊ, आधी सोमवार बदला, घारापुरी सोमवारी बंद असते, आपलं वेरूळ मंगळवारी बंद तसं.

बी-204: अरे देवा. बरं झालं विचारलं

सी-101: 11 किमी ऐकून फसू नका. वेरूळ आपल्याला 30 किमी, गाडीनं तासात जातो, तिथं 11 किमीलाच तास लागतो, लाँच सावकाश चालते आणि मधी मोठाली जहाजं नांगर टाकून उभी असतात. गेटवेला लाँचा एकीला एक लावलेल्या, पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत पाय टाकत जावं लागलं आम्हाला, लाट आली की सगळं वर-खाली. सासूबाईंनी एका हातात साडीचा काठ धरला न दुसऱ्या हातानं खलाशाचं मनगट, बसल्यावरही सोडेनात, तो म्हणाला आजी, बसलात तुम्ही आता. आईचा हात तुम्ही स्वतः धरा.

सी-101: आणि उतरलं की लेणी समोर नाही. जेट्टी लांबलचक आहे, तिथं छोटी रेल्वे मिळते तिच्यात बसवा, पुढं सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. गुडघे दुखत असतील तर डोलीवाले असतात, पैसे आधीच ठरवा. खायचं हातात धरू नका, माकडं ओढून नेतात. जाऊन-येऊन पाच तास धराच, न संध्याकाळची शेवटची लाँच कितीला ते जातानाच विचारून ठेवा.

ए-302: आणि लाइफ जॅकेट घालाच, गरम होतंय म्हणून काढू नका. 18 डिसेंबर 2024 ला याच मार्गावर नौदलाची स्पीडबोट प्रवासी लाँचला धडकली होती, किती जीव गेले.

डी-403: जायच्या आधी आईंना आपल्या वेरूळचं 29 नंबरचं लेणं दाखवून आणा. मांडणी घारापुरीसारखीच आहे, कैलास हलवणारा रावणसुद्धा दोन्हीकडं. मग तिथं आत गेल्यावर त्यांना आपोआप ओळख पटेल. फक्त समोरची त्रिमुखी सदाशिव मूर्ती, वीस फुटाच्या आसपास, ती तिथंच बघायची. थोडा वेळ अंधारात उभं राहू द्या, डोळे सरावले की मधला शांत चेहरा दिसायला लागतो, मी तिथून लवकर हललोच नाही.

बी-204: सर, आई शिवभक्त आहे, आता तर न्यायचंच. नकाशावर ते बेट उरणकडं जवळ दिसतंय, तिकडून?

डी-403: तालुका उरणच, जिल्हा रायगड. इतक्या जवळ असून बेटावर समुद्राखालून केबल टाकून वीज आली ती 2018 ला. पण तुम्ही दादरला उतरणार, आईंना घेऊन फिरवाफिरवी कशाला, गेटवेहूनच जा.

बी-204: परतीचं तिकीट बदलतोय, मंगळवार रात्रीचं वेटिंग 6 आहे. सकाळी पहिल्या लाँचलाच बसतो. काकू, डोलीला तुम्ही किती दिले होते?